साखरेच्या पोत्यातून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब ठेवा : जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, मुंबई

प्रत माहितीसाठी : मा. जलसंपदा मंत्री, मा. साखर आयुक्त, आणि मराठवाड्यातले सर्व आमदार-खासदार

विषय : मराठवाड्यातून साखरेच्या रूपाने बाहेर जाणाऱ्या पाण्याचा खोरेनिहाय हिशेब ठेवण्याबाबत

महोदय,

मी औसा तालुक्यातली शेतकरी. घरचं सात एकर कोरडवाहू रान आहे. त्यात सोयाबीन आणि तूर घेतो, परतीच्या पावसाने ओल दिली तर हरभरा. आमच्या शिवारात ऊसही आहे, आणि माझ्या भावकीतली बरीच घरं उसाच्या बिलावर उभी आहेत. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते ऊसवाल्या शेतकऱ्याला दोषी ठरवण्यासाठी नाही, हे आधीच सांगते. माझं म्हणणं आपल्यापाशी आहे. या राज्यातल्या पाण्याचं वाटप न्यायाने होतं की नाही हे पाहण्याचं काम २००५ च्या कायद्याने आपल्याकडे दिलं. आणि हे पत्र पाकिटात न घालता उघड लिहिते आहे, कारण ज्यांच्या वाट्याचं पाणी आहे त्यांनाही हा हिशेब कळायला हवा.

निमित्त आहे साखर निर्यातीच्या कोट्याचं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने १० लाख टन साखर निर्यातीला परवानगी दिली. कोटा वाटताना देशातल्या कारखान्यांना एकच प्रमाण लावलं : मागच्या तीन हंगामांच्या सरासरी उत्पादनाच्या ३.१७४ टक्के. पंचगंगेच्या काठावरच्या कारखान्याला जेवढे टक्के, तेवढेच मांजरेच्या काठावरच्या कारखान्याला. १० लाख टन हा तसा लहान आकडा आहे. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली होती. पण लहान असो की मोठा, त्या वाटपाच्या सूत्रात उत्पादन होतं, पाणी नव्हतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस कोसळतो आणि आमच्याकडे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, हा फरक त्या सूत्राला दिसलाच नाही. आपल्याकडूनही त्यावर काही बोललं गेल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. तेव्हा ठरवलं की आता लिहायचं.

आधी मोजमाप मांडते, कारण पुढची प्रत्येक तक्रार त्यावर उभी आहे.

माल पिकवायला जेवढं पाणी लागलं तेवढं पाणी त्या मालाबरोबर गावाबाहेर जातं. अभ्यासक त्याला आभासी पाणी म्हणतात. लंडनचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी नव्वदच्या दशकात हा विचार मांडला, पुढे आर्यन हुक्स्ट्रा यांनी पिकापिकाच्या पाणी-ठशाचे, म्हणजे कुठल्या पिकाला एकूण किती पाणी लागतं याचे, आकडे काढले, आणि ॲलन यांना २००८ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. म्हणजे ही काही कुणाच्या मनातली कल्पना राहिलेली नाही. आपल्याच नीती आयोगाने इथेनॉलच्या आराखड्यात लिहिलं आहे की एक किलो साखरेला १,६०० ते २,००० लिटर पाणी लागतं आणि उसापासून एक लिटर इथेनॉल काढायला सुमारे २,८६० लिटर. जलजीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे एक किलो साखर हे एका माणसाचं महिनाभराचं पाणी आहे.

आता लातूरच्या रेल्वेकडे येते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. देशभर बातम्या झाल्या. ऑगस्टपर्यंत त्या गाडीच्या १११ फेऱ्या झाल्या आणि एकूण २५ कोटी ९५ लाख लिटर पाणी आलं. हे पाणी साखरेच्या भाषेत किती होतं? १३० ते १६० टन. रोज अडीच हजार टन ऊस गाळणारा कारखाना, दहा टक्के उतारा (शंभर किलो उसामागे दहा किलो साखर) धरला तर, दिवसाला २५० टन साखर पोत्यात भरतो. एका मोठ्या शहराची तहान भागवायला चार महिने रेल्वे धावली, ते सगळं पाणी एका मध्यम कारखान्याच्या एका दिवसाच्या साखरेतही पुरतं भरत नाही.

हा हिशेब मी रात्री वहीवर केला, तेव्हा तो चुकला असेल म्हणून पुन्हा केला. मग पुतण्याला करायला लावला. तोच आला.

आणखी एक सांगते. एक लाख टन साखर म्हणजे १६० ते २०० दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी. लातूर शहर, अंबाजोगाई, केज, कळंब ज्याच्यावर जगतात त्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दलघमी आहे. धरण काठोकाठ भरलं तरी त्याची सारी कमाई एका लाख टन साखरेएवढी. यातलं काही पाणी पावसाचं असतं, हे मला मान्य आहे. पण ७०० मिलिमीटर पावसात ऊस येत नाही. त्याला दोन हजार मिलिमीटर आणि वर पाणी लागतं. म्हणजे पावसाचा वाटा फार तर एक तृतीयांश. उरलेलं कालव्याचं, नदीवरच्या बॅरेजचं, विहिरीचं आणि बोअरचं.

यात माझा काय संबंध, असं कुणी विचारेल. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात माझी मुलगी लातूरला खोली करून अकरावीला शिकत होती. लातूर पॅटर्नच्या नावावर सगळ्या मराठवाड्यातून पोरं तिथे येतात, खाणावळी, वसतिगृहं, शिकवण्या, सारा गावगाडा त्यावर चालतो. धरणाने तळ गाठल्यावर नळ बंदच झाले. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी आणि भांडणं होतील म्हणून जमावबंदी लावावी लागली. घरमालकाने सांगितलं, पाण्याची सोय होईपर्यंत मुलींना गावी न्या. बिचाऱ्याचं चुकलं नव्हतं, तो तरी पाणी कुठून आणणार? गावी आणली तर आमचा बोअरही उचक्या देत होता. रात्री दोनला लाइट आली की आळीपाळीने उठून दोन घागरी भरायच्या. मुलीच्या अभ्यासाचे ते महिने वाया गेले ते गेलेच. त्याच वेळी उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने पाण्यासाठी महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले, त्यावर घराघरांत चर्चा होती. मैदानाला किती पाणी लागतं हे सगळ्यांना ठाऊक झालं. त्याच हंगामात मराठवाड्यातून साखरेबरोबर किती पाणी गेलं, हे आजही कुणी सांगू शकत नाही.

आणि हीच माझी पहिली तक्रार आहे. मराठवाड्यात पाणी किती येतं याची मोजणी होते, भांडणं होतात, न्यायालयात खटले चालतात. किती जातं, हे मोजणारं कार्यालयच नाही. गाळपाचा परवाना साखर आयुक्तालय देतं. निर्यातीचा कोटा दिल्लीत ठरतो. कालव्याचं आवर्तन जलसंपदा विभाग सोडतो. भूजलाची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणा मोजते. ही चार टेबलं एकमेकांना विचारत नाहीत. नवा कारखाना उभा राहताना दोन कारखान्यांमध्ये हवाई अंतर किती, हे फूटपट्टी लावून पाहतात. आपल्या राज्यात ते २५ किलोमीटर हवं. हे अंतर कशासाठी, तर एका कारखान्याने दुसऱ्याचा ऊस पळवू नये म्हणून. कारखान्यांनी परस्परांपासून सुरक्षित राहावं यासाठी नियम आहे. त्या कारखान्याच्या उसापासून गावाची विहीर सुरक्षित राहावी, यासाठी परवान्यात एक ओळ नाही. पर्यावरण मंजुरीत पाण्याचा उल्लेख येतो तो कारखान्याच्या आतल्या पाण्याचा. उसाच्या रानातलं पाणी त्याच्या शेकडो पटींनी जास्त असतं आणि ते कुठल्याच अर्जात लिहावं लागत नाही.

प्राधिकरणाने हे मोजायला काहीच अडचण नाही. गाळप किती झालं, उतारा किती पडला, हे कारखानानिहाय रोज प्रसिद्ध होतं. उसाचं क्षेत्र गावनिहाय नोंदलेलं असतं. गुणाकार करणारा माणूस तेवढा बसवायचा आहे.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि ती लिहिताना राग आवरावा लागतो. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, असं सरकारला म्हणता येणार नाही. १९९९ मध्ये माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने कमी पावसाच्या, तुटीच्या खोऱ्यांत ऊस वाढवू नये, तिथे नवे कारखाने काढू नयेत असं सांगितलं. २००५ मध्ये आपला कायदा आला. त्याच्या कलम १४ मध्ये तरतूद आहे की अधिसूचित क्षेत्रात ठिबक किंवा तुषार बसवल्याशिवाय बारमाही पिकाला कालव्याचं पाणी देता येणार नाही. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला. कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालांत लिहिलं की राज्याच्या पिकाखालच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. आणि २०१९ मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तालयाने शासनाला अहवाल दिला, तो तर आमच्याच भागाचा. त्यात मराठवाड्यातलं उसाचं क्षेत्र ३ लाख १३ हजार हेक्टर, हेक्टरी पाणी सुमारे १९६ लाख लिटर, आणि एकूण २१७ टीएमसी (अब्ज घनफूट) असा हिशेब होता. जायकवाडीची पूर्ण क्षमता १०२ टीएमसी. म्हणजे दोन जायकवाड्या भरून आणखी उरेल एवढं पाणी. आयुक्तालयाने स्पष्ट शिफारस केली होती की या भागात ऊस आणि त्यावरचे कारखाने थांबवा आणि शेतकऱ्याला डाळी-तेलबियांकडे न्या.

त्या अहवालातला हेक्टरी आकडा घेतला आणि माणशी ५५ लिटरने भागला तर एक हेक्टर उसाचं पाणी म्हणजे जवळपास हजार माणसांचं वर्षभराचं पाणी होतं. आमच्या गावाची वस्ती साधारण तेवढीच आहे.

इतकं सगळं लिहून झाल्यावर काय झालं? २०१८ च्या ऑक्टोबरात राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्याच हंगामात राज्यात १०७ लाख टन साखर तयार झाली. पुढच्याच हंगामात, २०१९-२० साठी, केंद्राने साखर बाहेर पाठवायला टनामागे १०,४४८ रुपये मदत दिली. किलोला साडेदहा रुपयांच्या आत. या पैशात आमच्याकडे वीस लिटरचा जारही मिळत नाही, आणि सरकारने तेवढे मोजून किलोमागे दोन हजार लिटर पाणी देशाबाहेर पाठवलं. साठे तुंबले होते, शेतकऱ्याची बिलं थकली होती, म्हणून ती मदत दिली, हे कारण मी समजू शकते. पण कोरड्या उपखोऱ्यातल्या साखरेला आणि पाणीदार उपखोऱ्यातल्या साखरेला एकच मदत का, याचं उत्तर त्या कारणात नाही.

भूजलाचं थोडक्यात सांगते. राज्याच्या भूजल अधिनियमाने अधिसूचित क्षेत्रात पाणी जास्त पिणाऱ्या पिकांना मनाई करण्याची तरतूद केली आहे आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरी घ्यायला बंदी आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. औसा, निलंगा, लातूर, रेणापूर, कुठल्याही तालुक्यात बोअरच्या गाडीवाल्याला विचारा, तो सहाशे-आठशे फुटांच्या खाली बोलत नाही. राज्य भूजल प्राधिकरण म्हणूनही जबाबदारी आपल्याकडेच आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते ती सांगते.

कुणी म्हणेल, किलोमागे हिशेब करायचा तर तुरीलाही पाणी लागतं, आणि साखरेपेक्षा कितीतरी जास्त लागतं. बरोबर आहे. पण पाण्या-पाण्यात फरक आहे. माझ्या तुरीला लागतं ते पावसाचं, मातीत मुरलेल्या ओलीचं पाणी. अभ्यासक त्याला हिरवं पाणी म्हणतात. मी तूर लावली नाही तर ते पाणी तणाला जाईल किंवा उन्हाने उडेल, ते काही लातूरच्या नळाला येणार नाही. उसाला लागतं ते निळं पाणी, धरणातलं, विहिरीतलं. ते उसाला दिलं नाही तर कुणाच्या तरी हंड्यात येऊ शकतं, एखाद्या मोसंबीला उन्हाळ्यात जगवू शकतं, दहा एकर हरभऱ्याला एक संरक्षित पाणी होऊ शकतं. कोरडवाहू शेतकरी आपलं पीक बाजारात नेतो तेव्हा कुणाच्या वाट्याचं पाणी नेत नाही. आणि नेमका तोच भावात मार खातो.

२०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आडतीवर चार हजार-सव्वाचार हजाराला घातलं. तुरीचा हमीभाव ७,५५० होता आणि नवी तूर बाजारात येताच भाव त्याच्या खाली घसरला. का, तर तेव्हा तुरीला आयात शुल्क नव्हतं, आणि डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणाही शुल्काविना येत होता. २०२४-२५ मध्ये देशात ६० लाख टनांहून जास्त कडधान्यं बाहेरून आली. मोझांबिक, मलावी, टांझानिया, म्यानमारची तूर आमच्या लातूरच्या डाळ मिलमध्ये भरडली जाते. खाद्यतेलही आपण दरवर्षी दीड कोटी टनांहून जास्त आणतो. म्हणजे जे आमच्या काळ्या रानात पावसाच्या पाण्यावर पिकतं ते आपण बाहेरून आणतो, आणि जे पिकवायला धरण उपसावं लागतं ते बाहेर पाठवतो. पाण्याच्या अंगाने पाहिलं तर हा व्यापार उलटा चालला आहे. एके काळी आमच्याकडे करडईची रानं पिवळीधमक दिसायची, घरचं तेल घरच्या करडईचं असायचं. आता करडई बांधाला शोधावी लागते.

अशा वेळी शेतकऱ्याने बोअर पाडून ऊस लावला तर त्याला दोष कसा देणार? उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्याने द्यायलाच हवा असा किमान भाव. २०२४-२५ साठी तो टनाला ३,४०० रुपये होता. उशिरा का होईना, कायद्याने पैसे मिळतात. ऊस गारपिटीत झोपला तरी काहीतरी हाताला लागतं, वानर-डुकरांनी खाल्ला तरी उरतो. एका पिकाला कायद्याचं छत्र आणि बाकी सगळी उघड्यावर, ही मांडणी सरकारने केलेली आहे. शेतकरी छत्राखाली गेला एवढंच. आणि ज्यांच्या शेताला पाणीच नाही ते बीड-धारूर-पाटोद्याकडचे लोक उचल घेऊन, लेकरं बैलगाडीत घालून, कोयता घेऊन याच उसाच्या फडात येतात. पाणी ज्याने घालवलं त्याचंही नाही आणि ज्याचं गेलं त्याचंही नाही, अशी ही साखर आहे.

तिसरी तक्रार पाण्याच्या भांडणांबद्दलची. आपल्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या धरणांची टक्केवारी सारखी राहावी, तूट सगळ्यांनी वाटून घ्यावी. या समन्यायी वाटपासाठी मराठवाडा न्यायालयात लढला, आणि ते योग्यच होतं. २०२३ च्या हिवाळ्यात नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश झाला तेव्हा वर आंदोलनं झाली, खाली आंदोलनं झाली, माणसं रस्त्यावर बसली. हे ८.६ टीएमसी सव्वा ते दीड लाख टन साखरेत सामावतं. मी वर सांगितलेल्या मापाचे तीन-चार कारखाने एका हंगामात तेवढी साखर करतात. नाशिकच्या द्राक्षवाल्याने उद्या मला विचारलं, बाई, आमच्याकडून भांडून नेलेलं पाणी तुम्ही कशाला वापरलं, तर मला खाली मान घालावी लागेल. मला ती वेळ नको आहे. समन्यायी वाटपाचा आमचा हक्क मजबूत राहायचा असेल तर आलेलं पाणी कुठे गेलं हेही आम्हाला दाखवता आलं पाहिजे. उजनीतून कृष्णा खोऱ्याचं पाणी येणार, कोकणातल्या नद्यांचं पाणी वळवून गोदावरीत येणार, जलवाहिन्यांचं जाळं होणार, प्रत्येक निवडणुकीत ऐकते. यावंच. पण हजारो कोटी खर्चून आणलेलं पाणी पुन्हा ५० किलोच्या पोत्यात भरून जाणार असेल, तर आमच्या नातवंडांसाठी काही बदलणार नाही.

जगात कुणी असा विचार केला नाही असंही नाही. सौदी अरेबियाने वाळवंटाखालचं पाणी उपसून गहू पिकवला, निर्यातही केला. पाणी संपत चाललं हे दिसल्यावर २००८ मध्ये टप्प्याटप्प्याने खरेदी कमी करायचं ठरवलं आणि २०१६ पर्यंत ती बंद केली. आपल्याच देशात हरियाणाने २०२० पासून भात सोडून दुसरं पीक घेणाऱ्याला एकरी ७,००० रुपये द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे माझ्या मागण्या अशा.

दर वर्षी १५ ऑक्टोबरला धरणांच्या साठ्याचा आढावा होतो. त्याच दिवशी आपण प्रत्येक उपखोऱ्याचा दुसरा आढावाही प्रसिद्ध करावा : मागच्या हंगामात साखर, इथेनॉल आणि गूळ यांच्या रूपाने किती पाणी बाहेर गेलं, त्यातलं पावसाचं किती, कालव्याचं किती, जमिनीखालचं किती. आकडे तालुकानिहाय आणि मराठीत असावेत. ही माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. बाकी काही झालं नाही तरी हे व्हावं. यासाठी नवा कायदा लागत नाही.

मांजरा, तेरणा, सिंदफणा या उपखोऱ्यांत नवा कारखाना किंवा जुन्याची गाळप क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव आला, तर आपल्या लेखी अभिप्रायाशिवाय पुढे जाऊ नये, अशी शिफारस शासनाला करावी. अभिप्रायात उसाच्या रानातलं पाणी धरलेलं असावं. २५ किलोमीटरच्या अटीबरोबर पाण्याची अट यावी.

कलम १४ खाली आजवर कोणकोणत्या लाभक्षेत्रांसाठी अधिसूचना निघाली, २०१७ च्या ठिबकच्या निर्णयानंतर मराठवाड्यातलं किती उसाचं क्षेत्र प्रत्यक्ष ठिबकवर आलं, हे जाहीर करावं. जिथे आलं नाही तिथे तारीख द्यावी. दोन-तीन एकरवाल्याला ठिबकचे पैसे आधी द्या, नंतर सक्ती करा. अनुदानाची वाट पाहत त्याने सावकाराकडे जावं, असं होऊ नये.

निर्यातीचा कोटा देणं आपल्या हातात नाही, हे मी जाणते. पण राज्याच्या पाण्याचं नियमन आपल्या हातात आहे, म्हणून केंद्राला लेखी कळवणं आपल्या हातात आहे. कोटा वाटताना उत्पादनाबरोबर उपखोऱ्याची पाणीस्थिती धरावी. ज्या तालुक्यात त्या वर्षी दुष्काळ जाहीर झाला तिथल्या साखरेला निर्यात कोटा नसावा. कारखाने आपसांत निर्यातीचा आणि देशांतर्गत विक्रीचा कोटा बदलून घेतातच, त्यामुळे अशा कारखान्याचं नुकसान न होता हे करता येईल.

उसाखालचं रान कमी करणाऱ्या शेतकऱ्याला एकरी ठरावीक रक्कम निदान पाच वर्षं मिळावी, आणि त्या तालुक्यात तूर, हरभरा, करडई, ज्वारी यांची हमीभावाने खरेदी वेळेवर, बारदाना संपला असं न सांगता व्हावी, अशी शिफारस करावी. हे पैसे कुठून आणायचे, असा प्रश्न येईल. साखर बाहेर पाठवायला टनाला १०,४४८ रुपये ज्या तिजोरीतून निघाले, तिथूनच निघू शकतात.

आणि या सगळ्यावर जाहीर सुनावणी घ्यावी. मुंबईत घेऊ नये. आमच्यासारख्यांना तिथे येऊन-जाऊन दोन दिवस मोडतात आणि मग सुनावणीत फक्त वकील आणि कारखान्यांचे अधिकारी दिसतात. लातूर, बीड आणि धाराशिव अशा तीन ठिकाणी घ्यावी. ऊस लावणाऱ्यालाही बोलवावं, तोडणाऱ्यालाही, आणि ज्यांच्या गावात मार्चपासून टँकर येतो त्या बायकांनाही. मी माझी वही घेऊन येईन. माझा गुणाकार चुकला असेल तर आपले अभियंते तो सर्वांसमोर दुरुस्त करू शकतात.

आडसाली उसाची लागवड जुलैत सुरू होते. एकदा कांडी जमिनीत गेली की पुढच्या सोळा-अठरा महिन्यांचं पाणी बांधलं जातं. म्हणून सुनावणी जूनच्या आत व्हावी, आणि या पत्राचं उत्तर लेखी मिळावं, म्हणजे ते ग्रामसभेत वाचून दाखवता येईल.

आपली,
एक कोरडवाहू शेतकरी
तालुका औसा, जिल्हा लातूर